वजन कमी करणारं इंजेक्शन कुणाला द्यायचं हे ठरवणारं सूत्र एका खगोलशास्त्रज्ञाचं आहे

सध्या जिकडंतिकडं वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनची चर्चा आहे. पण मागितलं आणि मिळालं, असं हे औषध नाही. डॉक्टर आधी वजन-उंची घेतात आणि बीएमआय काढतात. अमेरिकेत २०२१ मध्ये सेमाग्लुटाइडला लठ्ठपणासाठी मंजुरी मिळाली, तेव्हा अट होती बीएमआय किमान ३० असण्याची. सोबत बीपी, मधुमेह असा वजनाशी जोडलेला आजार असेल तर २७ पुरेसा.

हा आकडा ज्याच्या सूत्रातून येतो, तो माणूस डॉक्टर नव्हताच. त्याचं नाव अडॉल्फ केतले.

केतलेचा जन्म १७९६ चा, आजच्या बेल्जियममधल्या गेंट शहरातला. सात वर्षांचा असतानाच वडील गेले. पोरगा गणितात हुशार. १८१९ मध्ये त्यानं गेंट विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. पुढं ब्रसेल्सला वेधशाळा हवी म्हणून तो सरकारच्या मागं लागला. सरकारनं त्याला १८२३ मध्ये खगोलशास्त्र शिकायला पॅरिसला पाठवलं.

तिथं त्याच्या हाती एक भन्नाट गोष्ट लागली. एकाच ताऱ्याची जागा दहा जणांनी मोजली तर दहा उत्तरं येतात, पण त्यांची सरासरी खऱ्या उत्तराच्या जवळ जाते. केतलेला वाटलं, हेच गणित माणसांना लावलं तर?

मग गडी कामाला लागला. जन्म, मृत्यू, गुन्हे, उंची, वजन, जे मोजता येईल ते त्यानं मोजलं. ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांचासुद्धा त्यानं अभ्यास केला. १८३५ च्या पुस्तकात त्यानं 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली.

याच अभ्यासात त्याला दिसलं की, मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. उंची १.७० मीटर आणि वजन ८७ किलो असेल, तर उत्तर येतं ३०.१.

पण केतलेला लठ्ठपणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला समाजाची सरासरी शोधायची होती, कुणा एकाचा आजार नाही. १८७४ मध्ये तो वारला, तेव्हा त्याची ओळख होती संख्याशास्त्रज्ञ म्हणून.

जवळपास शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकन शास्त्रज्ञ अन्सेल कीज यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त पुरुषांवर हे सूत्र तपासलं आणि त्याला 'बॉडी मास इंडेक्स' असं नाव दिलं.

आता यातली गोम सांगायला पुण्याचे डॉक्टर पुढं आले. २००४ मध्ये केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

म्हणजे आकडा तोच असला तरी आपल्याकडं चरबी जास्त असू शकते, आणि मधुमेहही कमी वजनातच गाठतो. म्हणून भारतात २५ पासूनच लठ्ठपणा धरला जातो.

त्यामुळं औषध लिहिताना डॉक्टर पोटाचा घेर, साखर, बीपी आणि आधीचे आजारही बघतात. नुसता मोबाईलवर बीएमआय काढून इंजेक्शन घ्यायचं की नाही ते ठरत नसतं. ते सूत्र एका माणसासाठी बनलेलंच नव्हतं.