जॉन वेस्ली ह्यांचे दातृत्व

जॉन वेस्ली ह्यांचे नाव आपल्या मंडळ्यांत बहुतेकांच्या कानांवरून गेलेले आहे. मेथडिस्ट मंडळीचा उगम त्यांच्यापासून झाला, घोड्यावर बसून त्यांनी इंग्लंड पालथे घातले, शेताच्या कडेला व कोळशाच्या खाणींजवळ उभे राहून हजारो लोकांस सुवार्ता सांगितली, हे आपल्या उपदेशकांस ठाऊक असते. १८७१ साली विल्यम टेलर मुंबईस आले आणि त्यांच्या श्रमाने त्या मंडळीचा आपल्या मुलखात पाया पडला, हेही पुष्कळांना माहीत आहे. परंतु वेस्लींच्या चरित्राचा एक भाग नेहमी मागे राहतो, तो म्हणजे पैशाविषयीची आणि गरिबांविषयीची त्यांची रोजची वागणूक. खेड्यांतील मंडळ्यांस तोच अधिक उपयोगी पडेल असे वाटल्यावरून आज आम्ही तेवढाच सांगणार आहो.

इंग्लंडातील लिंकनशायर प्रांतात एपवर्थ नावाचे गाव आहे. तेथील पाळक सॅम्युएल वेस्ली व त्यांच्या पत्नी सुझॅना ह्यांच्या पोटी १७०३ साली जॉन ह्यांचा जन्म झाला. ह्या दांपत्यास एकोणीस मुले झाली, पैकी बरीच बाळपणीच वारली. मिळकत बेताची, खाणारी तोंडे पुष्कळ, आणि सॅम्युएल ह्यांस पैशाचा व्यवहार कधी जमला नाही. १७०५ साली एका निवडणुकीत विरुद्ध पक्षास मत दिल्याचा राग धरून एका सावकाराने त्यांस थोडक्या कर्जासाठी लिंकनच्या तुरुंगात घातले. जॉन तेव्हा दोन वर्षांचे होते. सुझॅनाबाईंनी आपल्या अंगठ्या पतीकडे पाठविल्या. त्यांनी त्या तशाच परत केल्या. यॉर्कच्या आर्चबिशपांनी बाईंना विचारले की तुमच्या घरी कधी भाकरीचीच वाण पडली होती काय? त्यांनी उत्तर दिले की अगदी उपाशी अशी आम्ही कधी राहिलो नाही. पण भाकर मिळविण्यापूर्वीची चिंता आणि खाल्ल्यानंतर तिचे देणे फेडण्याची चिंता एवढी असे की तो घास गोड लागत नसे. आर्चबिशप भला माणूस. त्याने चांगली रक्कम दिली. कर्जाचा घास म्हणजे काय हे आमच्या शेतकरी वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. वेस्लींनी ते आईच्या मांडीवर असतानाच पाहिले, आणि पुढे गरीब माणसाकडे पाहताना त्यांच्या डोळ्यांत जो ओलावा असे त्याचे मूळ, आमच्या मते, ह्याच घरात होते.

१७२० साली ते ऑक्सफर्डास शिकावयास गेले व १७२६ साली लिंकन कॉलेजात फेलो झाले. तेथे काही तरुणांचा एक लहान मेळा जमला. ते एकत्र बसून शास्त्र वाचीत, प्रार्थना करीत, आणि १७३० पासून तुरुंगांतील कैद्यांस व गरिबांच्या मुलांस भेटू लागले. मुलांसाठी त्यांनी एक शाळाही चालविली. त्या शाळेतील एक मुलगी हिवाळ्याच्या कडाक्यात वेस्लींच्या खोलीवर आली. अंगात पातळ सुती झगा होता, आणि तिच्यापाशी दुसरे वस्त्रच नव्हते. वेस्लींनी खिशात हात घातला, तो खिसा जवळजवळ रिकामा. थोड्याच वेळापूर्वी त्यांनी होते ते पैसे देऊन टाकले होते, आणि ते भिंतीवरील चित्रांसाठी! ती चित्रे त्यांच्या डोळ्यांसमोर होती. ह्या पोरीचे अंग झाकले असते तो पैसा मी भिंत सजविण्यात घातला, ह्याचा हिशेब धन्यास कसा देऊ, हा विचार त्यांच्या मनास जो चिकटला तो वृद्धपणापर्यंत सुटला नाही. उपदेशात त्यांनी ही गोष्ट स्वतःच सांगितली.

दुसऱ्या एका उपदेशात त्यांनी ऑक्सफर्डच्या एका तरुणाचा जमाखर्च सांगितला आहे. नाव घेतलेले नाही, परंतु तो तरुण म्हणजे तेच असे सर्व मानतात. पहिल्या वर्षी त्याची मिळकत ३० पौंड होती. २८ मध्ये त्याने निर्वाह केला व २ गरिबांस दिले. दुसऱ्या वर्षी ६० मिळाले. खर्च २८ च, दान ३२. तिसऱ्या वर्षी मिळकत ९० झाली, चौथ्या वर्षी १२०. खर्च हलला नाही, आणि चौथ्या वर्षीचे दान ९२ पौंडांवर गेले. वाचकांनी हे आकडे एकदा आपल्या मुलांकडून पाटीवर मांडून घ्यावेत. आपल्याकडे पगार पाच रुपयांनी वाढला की गरजा सहा रुपयांनी वाढतात. पाळकही ह्यातून सुटलेले नाहीत.

मधली वर्षे आम्ही थोडक्यात सांगतो. १७३५ साली ते अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत मिशनरी म्हणून गेले व निराश होऊन परत आले. २४ मे १७३८ रोजी लंडनातील एका सभेत ख्रिस्ताने आपल्या पापांची क्षमा केली अशी खातरी त्यांच्या अंतःकरणास झाली. १७३९ च्या एप्रिलात ब्रिस्टल शहराजवळ त्यांनी उघड्या मैदानात उपदेश करण्यास आरंभ केला. ऐकणारे लोक कोळशाच्या खाणींतले, विणकर, मोलकरणी, कामावाचून बसलेले मजूर. आणि त्यांच्याच मंडळ्या बनत गेल्या.

आता हे लोक हिवाळ्यात उपाशी मरू लागले म्हणजे त्यांस केवळ उपदेश पुरेल काय? १७४० च्या नोव्हेंबरात लंडनातील मंडळीने अगदी दरिद्री अशी बारा माणसे निवडली, शिकविणारा एक माणूस नेमला, आणि सभेच्या खोलीतच त्यांस कापूस पिंजण्याच्या व सूत काढण्याच्या कामास बसविले. चार महिने, वसंत ऋतू येईपर्यंत, हे काम चालले. त्यांच्या श्रमाच्या उत्पन्नातच त्यांचे पोट जवळजवळ भागले. पदरचा खर्च फारच थोडा आला. पुढल्या वर्षी मे महिन्यात वेस्लींनी सर्वांस सांगितले की ज्याच्यापाशी अधिक वस्त्र असेल त्याने ते आणावे, आणि ज्याच्याने होईल त्याने आठवड्यास एक पेनी द्यावी. आजारी लोकांस एक दिवसाआड भेट देण्यासाठी बारा माणसे नेमली.

पेनीची गोष्ट येथे संपली नाही. ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज होते. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी त्याविषयी विचार चालला असता फॉय नावाचे एक कप्तान म्हणाले की प्रत्येकाने आठवड्यास एक पेनी द्यावी. कोणी हरकत घेतली की पुष्कळांस तेवढेही देण्याची ऐपत नाही. तेव्हा त्यांनी सांगितले की मंडळीतील अकरा अत्यंत गरीब माणसे माझ्याकडे द्या. मी दर आठवड्यास त्यांच्या घरी जाईन, ज्यास देता येईल त्याचे घेईन, ज्यास येणार नाही त्याच्या वाटची मीच भरीन. हेच इतरांनी पत्करले. अशा रीतीने घरोघर फिरताना त्या पुढाऱ्यांस दिसून आले की कोणाच्या घरी भांडण आहे, कोण पुन्हा दारूकडे वळला आहे, कोण तापाने अंथरुणास खिळला आहे. मेथडिस्ट मंडळीतील वर्गाची व्यवस्था, जिच्यावर पुढे तिचा सगळा डोलारा उभा राहिला, ती ह्या पेनीच्या फेरीतून निघाली. आपल्या कित्येक मंडळ्यांत बाया स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य मडक्यात बाजूस काढून ठेवतात. ते गोळा करावयास जाणारा उपदेशक केवळ पायली मोजून परत येतो की चुलीपाशी घटकाभर बसतो, ह्यावर पुष्कळ अवलंबून आहे.

१७४६ साली त्यांनी लंडनात गरिबांसाठी औषधे देण्यास आरंभ केला. औषधे बनविणारा एक व अनुभवी शस्त्रवैद्य एक असे दोघे मदतीस घेतले, आणि कठीण दुखणी आपण हाती घ्यावयाची नाहीत असा नियम केला. पाच महिन्यांत पाचशेंवर लोकांस औषध मिळाले. (घरगुती औषधांचे त्यांचे पुस्तक १७४७ साली निघाले व फार खपले, त्यातील कित्येक उपाय आज वाचून हसू येते, ते कोणी करून पाहू नयेत.) त्याच सुमारास सावकाराच्या जाचातून गरिबांस सोडविण्यासाठी ते काही दिवस शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दारोदार फिरले व ५० पौंड जमविले. ही रक्कम दोन कारभाऱ्यांच्या स्वाधीन केली. ते दर मंगळवारी सकाळी बसत व गरजूस २० शिलिंगांपर्यंत रक्कम उसनी देत. ती तीन महिन्यांच्या आत परत करावयाची. एवढ्याशा भांडवलावर एका वर्षात अडीचशे माणसांचे काम निघाले, कारण परत आलेला पैसा लगेच दुसऱ्याच्या हाती जाई. आज आपल्या गावांतील स्त्रियांचे बचत गट पुष्कळसे असेच चालतात. पुढे ह्याच निधीतून जेम्स लॅकिंग्टन नावाच्या एका जोडे शिवणाऱ्याने ५ पौंड घेऊन जुन्या पुस्तकांचे दुकान वाढविले, व तो लंडनातील मोठा पुस्तकविक्रेता झाला. श्रीमंत झाल्यावर १७९१ साली त्याने आत्मचरित्र छापून मेथडिस्टांचीच थट्टा केली. उपकार केलेला मनुष्य असा उलटला म्हणजे आपले मन खट्टू होते व हात आखडतो. १८०४ साली त्याने दुसरे पुस्तक लिहून पश्चात्ताप प्रगट केला, पण तोपर्यंत वेस्ली मरून तेरा वर्षे झाली होती.

असहाय विधवांसाठी त्यांनी दोन लहान घरे भाड्याने घेतली. १७४८ च्या सुमारास तेथे नऊ विधवा, एक आंधळी बाई व दोन गरीब मुले राहत. वेस्ली व शहरात असतील ते उपदेशक त्यांच्याच मेजावर, त्यांच्याच पंक्तीस बसून तेच अन्न खात. भाकर पाठवून देणे सोपे आहे. त्याच पंक्तीस बसणे किती जड जाते हे आपल्या देशात कोणास सांगावयास नको, आणि ख्रिस्ती झालेल्या घरांतही ते अजून काही ठिकाणी जड जाते.

गरिबांचा पैसा ज्यांच्या हाती असे त्या कारभाऱ्यांस त्यांनी लेखी नियम घालून दिले होते. त्यांत एक असा की मदत करता येत नसेल तर निदान गरिबाचे मन दुखवू नये. तोंड आंबट करू नये, कठोर बोलू नये. रिकाम्या हाताने परत जावे लागले तरी येथे आल्याचे त्यास बरे वाटावे. गरीब लोक आळशी म्हणून गरीब, असे तेव्हाही सुखवस्तू लोक म्हणत. १७५३ च्या फेब्रुवारीत वेस्ली लंडनातील तळघरांत व माळ्यांवर स्वतः जाऊन आले. थंडीने व भुकेने अर्धमेली झालेली माणसे त्यांस दिसली, पण ज्यास सरपटता येत होते असा एकही जीव कामावाचून बसलेला दिसला नाही. तो आरोप सैतानी असत्य आहे असे त्यांनी आपल्या रोजनिशीत स्पष्ट लिहून ठेवले.

शत्रूचेही असेच. १७५९ साली इंग्लंड व फ्रान्स ह्यांचे युद्ध चालू असता ब्रिस्टलजवळ नोल येथे अकराशेंवर फ्रेंच कैदी कोंडलेले होते. ऑक्टोबरात वेस्ली तेथे गेले. कैद्यांच्या अंगावर मळक्या चिंध्या होत्या, रात्री पांघरावयासही त्यांवाचून दुसरे काही नव्हते. त्याच संध्याकाळी परक्यावर जुलूम करू नये ह्या निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायातील आज्ञेवर त्यांनी उपदेश केला. त्या रात्री १८ पौंड जमले, दुसऱ्या दिवशी ते २४ झाले. त्यांतून सुती व लोकरी कापड घेऊन सदरे, बंड्या व विजारी शिवविल्या, मोजे आणले, आणि ज्यांस अधिक गरज होती त्यांस वाटले. युद्धाच्या दिवसांत भर सभेत शत्रूसाठी पदर पसरावयास किती धैर्य लागले असेल!

हे सांगताना एक गोष्ट लपविणे बरोबर नाही. घरात वेस्लींस सुख लाभले नाही व त्यांनी ते दिलेही नाही. १७५१ साली त्यांनी एका विधवेशी विवाह केला. सततच्या प्रवासाने व संशयाने तो संसार मोडला, आणि १७८१ साली पत्नी वारली ती बातमी त्यांस दफनानंतर कळली. सर्व दोष बाईंवर टाकणारे चरित्रकार आहेत. आम्हांस तसे वाटत नाही. हजारो गरिबांच्या दारी पोचणारा मनुष्य आपल्याच उंबरठ्याच्या आत अपुरा पडू शकतो, आणि उपदेशकांच्या बायका हे निमूटपणे जाणतात.

पुस्तके लिहून वेस्लींस पुष्कळ पैसा मिळाला. तो मिळेल तसा त्यांनी देऊन टाकला. १७७६ साली करखात्याने विचारणा केली की आपणापाशी चांदीची भांडी असतील, ती आपण नोंदविली नाहीत. त्यांनी उत्तर पाठविले की लंडनात दोन चमचे आहेत व ब्रिस्टलमध्ये दोन. भोवतालच्या इतक्या लोकांस भाकर मिळत नसता आणखी घेण्याचा विचार नाही.

१७८५ च्या जानेवारीत त्यांचे वय एक्याऐंशी वर्षांचे होते. नाताळाच्या सुमारास लंडनातील मंडळीच्या गरिबांस कोळसा व भाकरी वाटण्याची चाल होती, पण ह्या वर्षी लोकांस वस्त्रेही नाहीत असे त्यांनी पाहिले. तेव्हा ते पाच दिवस शहरातून पायी हिंडले व लोकांकडे मागून २०० पौंड जमविले. रस्त्यांत वितळता बर्फ घोट्यापर्यंत होता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाय त्या पाण्यात. शनिवारी रात्री त्यांस अतिसाराचा जोराचा झटका आला व वैद्यास बोलवावे लागले. वस्त्रे मात्र वाटली गेली.

२ मार्च १७९१ रोजी लंडनात त्यांचे देहावसान झाले. मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवले होते की आपल्या प्रेतासाठी गाडीघोडे नकोत, कसला थाटही नको. सहा गरीब माणसांनी आपणास कबरेपर्यंत वाहून न्यावे आणि त्यांस सहा पौंड द्यावेत. ९ मार्च रोजी पहाटे पाचच्या सुमारास, गर्दी होऊ नये म्हणून अंधारातच, त्यांस पुरण्यात आले, आणि त्या सहा जणांच्या वाट्यास एकेक पौंड आला.