इंग्लिश खाडी जिंकणारे कॅप्टन वेब

डोव्हर बंदराच्या धक्क्यावरून कॅप्टन मॅथ्यू वेब यांनी इंग्लिश खाडीत उडी घेतली, त्या घटनेला २४ ऑगस्ट २०२५ रोजी दीडशे वर्षे पूर्ण झाली. कोणत्याही कृत्रिम साधनाचा आधार न घेता ही खाडी पोहून पार करणारे ते पहिले जलतरणपटू होत. जिवावर बेतणाऱ्या खेळांना आज प्रायोजक मिळतात, स्पर्धकांचा विमा उतरवला जातो आणि जगभरातील प्रेक्षक घरबसल्या त्या पाहतात. वेब यांच्या काळी असे काही नव्हते. होत्या त्या पैजा, वर्तमानपत्रे आणि तिकीट काढून येणारे बघे. या बघ्यांनीच वेब यांना डोक्यावर घेतले आणि त्यांना पुन्हा आपल्याकडे वळवण्याच्या प्रयत्नात आठ वर्षांनी त्यांचा अंत झाला.

वेब यांचा जन्म १९ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील डॉली या गावी झाला. वडील शल्यचिकित्सक होते. सेव्हर्न नदीच्या पात्रात मॅथ्यू लहानपणीच पोहायला शिकले. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी समुद्राची वाट धरली. 'कॉनवे' या प्रशिक्षण जहाजावर शिक्षण घेतल्यानंतर ते व्यापारी जहाजांवर रुजू झाले.

१८७३ मध्ये 'रशिया' या जहाजावर अधिकारी असताना एक खलाशी अटलांटिक महासागरात पडला. जहाज वेगात असतानाच वेब यांनी त्याच्यामागे उडी टाकली. अर्ध्या तासाहून अधिक काळ ते थंडगार पाण्यात होते, परंतु खलाशाचा शोध लागला नाही. प्रवाशांनी त्यांना शंभर पौंडांची थैली अर्पण केली आणि मानाचे स्टॅनहोप पदक सर्वप्रथम त्यांनाच प्रदान करण्यात आले. पुढे ते 'एमेरल्ड' जहाजाचे कप्तान झाले. 'कॅप्टन' हे बिरुद लष्करातील नव्हे, ते या जहाजावरचे आहे.

याच सुमारास जे. बी. जॉन्सन नावाच्या जलतरणपटूने खाडी पोहण्याचा केलेला निष्फळ प्रयत्न त्यांच्या वाचनात आला. त्यांनी नोकरी सोडली आणि सरावास प्रारंभ केला. लंडनच्या लॅम्बेथ येथील स्नानगृहात आणि नंतर थेम्स नदीत, सुमारे वीस मैलांपर्यंतच्या पल्ल्यांचा हा सराव होता. दरम्यान, मे १८७५ मध्ये पॉल बॉयटन या अमेरिकन साहसवीराने हवा भरलेला रबरी पोशाख घालून, हातातील वल्ह्याच्या साहाय्याने खाडी ओलांडली. त्याचा मोठा गाजावाजा झाला. बॉयटन यांचे धाडस नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याला पोहणे म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच.

डोव्हर आणि फ्रान्सचा किनारा यांतील सर्वांत कमी अंतर सुमारे ३३ किलोमीटर आहे. खरी अडचण अंतराची नसते. खाडीतील भरती-ओहोटीचे प्रवाह सुमारे सहा तासांनी दिशा बदलतात, त्यामुळे जलतरणपटू सरळ जाऊ शकत नाही. तो आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला ओढला जातो. पाणी ऐन उन्हाळ्यातही थंड असते आणि हवा तर तासाभरात पालटते. वेब यांचा पहिला प्रयत्न १२ ऑगस्ट १८७५ रोजी वारा आणि लाटा यांमुळे अर्ध्यावरच सोडून द्यावा लागला.

बारा दिवसांनी त्यांनी पुन्हा उडी घेतली. दुपारी एकला चार मिनिटे कमी होती. अंगाला पॉरपॉईज या सागरी प्राण्याचे तेल चोळलेले होते. सोबतच्या नौकांत पत्रकार होते. आज स्पर्धक ज्या वेगवान पद्धतीने खाडी पोहतात, ती तेव्हा इंग्लंडमध्ये रूढ नव्हती. वेब छातीवर तरंगत, बेडकासारखे हातपाय मारत, संथपणे पुढे सरकत होते. नौकेला स्पर्श करण्याची मुभा नव्हती. मधूनमधून त्यांना कॉफी, मांसाचा रस आणि ब्रँडी दिली जात असे. रात्री जेलीफिशच्या दंशाने त्यांच्या अंगाची आग झाली. थोडी ब्रँडी घेऊन ते पुन्हा पोहू लागले.

पहाटे फ्रान्सचा किनारा दृष्टिपथात आला आणि तेथेच खरी परीक्षा सुरू झाली. ग्री-ने भूशिराजवळच्या प्रवाहाने त्यांना जवळजवळ पाच तास किनाऱ्याला लागू दिले नाही. भूमी समोर दिसते आहे, हातपाय चालू आहेत आणि अंतर काही केल्या कमी होत नाही! अखेरच्या टप्प्यात एका टपालबोटीचे खलाशी होडीतून आले आणि वाऱ्याच्या बाजूला होडी ठेवून त्यांनी लाटांचा मारा सौम्य केला. २५ ऑगस्टच्या सकाळी १० वाजून ४१ मिनिटांनी वेब यांनी कॅलेजवळच्या वाळूत पाय टेकले. त्यांना २१ तास ४५ मिनिटे लागली होती आणि वळणावळणाने त्यांनी सुमारे ६४ किलोमीटर अंतर कापले होते.

इंग्लंडमध्ये त्यांचे अभूतपूर्व स्वागत झाले. लोकवर्गणीतून निधी उभारण्यात आला. त्यांचे नाव आणि चित्र असलेल्या वस्तू विकल्या जाऊ लागल्या आणि जलतरणावरील त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. पण असे कौतुक फार काळ टिकत नाही. पोहणे हाच आता त्यांचा चरितार्थ होता आणि खाडी दुसऱ्यांदा पोहून नवी बातमी होणार नव्हती. मग पैजेच्या शर्यती आल्या. बॉयटन यांच्याशीही अमेरिकेत सामना झाला आणि त्यावरून वाद माजला. त्यानंतर पाण्याच्या हौदातील खेळ आले. एकदा तर ते १२८ तास हौदात तरंगत राहिले. अटलांटिकमध्ये एका अनोळखी खलाशासाठी उडी टाकणारा हाच तो माणूस, हे त्या हौदाभोवतालच्या किती जणांना आठवत असेल?

१८८० मध्ये त्यांचा विवाह झाला आणि त्यांना दोन मुले झाली. प्रकृती मात्र ढासळत चालली होती, पैशांचीही चणचण होती. अशा स्थितीत त्यांनी नायगारा नदीतील भोवरा पोहून पार करण्याचे जाहीर केले. ते नायगारा धबधब्यावरून उडी घेताना मरण पावले, असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. धबधब्याच्या खाली नदी एका अरुंद घळीत शिरते. तेथील खळाळ आणि त्यापुढचा प्रचंड भोवरा हे त्यांचे लक्ष्य होते. अनेकांनी याला आत्मघात म्हटले. त्यांना परावृत्त करण्याचे प्रयत्नही विफल ठरले.

२४ जुलै १८८३ रोजी दुपारी एका लहान होडीतून त्यांनी नदीत उडी टाकली. लोक काठावर उभे होते. सुरुवातीचा खळाळ त्यांनी ओलांडला, काही क्षण ते लाटांवर दिसलेही. मग भोवऱ्याच्या तोंडाशी दिसेनासे झाले. काही दिवसांनी नदीच्या खालच्या भागात त्यांचा मृतदेह सापडला. तेव्हा ते पस्तीस वर्षांचे होते.

वेब यांच्यानंतर इंग्लिश खाडी पोहण्याचे अनेक प्रयत्न झाले, पण थॉमस बर्जेस यांना यश येईपर्यंत १९११ साल उजाडले. १९२६ मध्ये अमेरिकेच्या गर्ट्रूड एडर्ली यांनी तोवरच्या सर्व पुरुषांहून कमी वेळात खाडी पार केली. पुढे तेथे जलतरणपटूंच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीही भरू लागल्या. २७ सप्टेंबर १९५८ रोजी मिहिर सेन हे खाडी पोहणारे पहिले भारतीय ठरले आणि २९ सप्टेंबर १९५९ रोजी आरती साहा यांनी हा मान मिळवणारी आशियातील पहिली महिला म्हणून इतिहास घडवला. आरती यांचा त्याआधीचा, ऑगस्टमधील प्रयत्न फसला होता. इंग्लंडचा किनारा काही मैलांवर असताना उलट्या प्रवाहाने त्यांना रोखले होते.

वेब यांचे दफन नायगारा फॉल्स येथील ओकवुड दफनभूमीत करण्यात आले. त्यांच्या जन्मगावी, डॉली येथे, १९०९ मध्ये त्यांचे स्मारक उभारण्यात आले.