शब्दांची संगत सांगणारा कोशकार

गेल्या दिवाळीच्या सुटीत घरी गेलो होतो. इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करणारा मुलगा म्हणून गावात माझी थोडी ऐट आहे. त्यामुळे सातवीतल्या धाकट्या बहिणीचा इंग्रजीचा गृहपाठ आपोआपच माझ्याकडे आला. तिला एक वाक्य भाषांतराला होते : मी सीमाला पेन्सिल उसनी दिली. तिने लिहिले होते, आय बॉरोड अ पेन्सिल टु सीमा. मी ते खोडून ‘लेन्ट’ लिहिले. तिने विचारले, बॉरो म्हणजे उसने ना? मग चूक काय झाली?

मला उत्तर देता येईना. मोठमोठ्या इंग्रजी कवींवर टिपणे काढणारा मी, एका साध्या शब्दापाशी अडखळलो. शेवटी म्हणालो, ते तसेच असते, पाठ कर. तिने निमूटपणे वहीत दहा वेळा लिहून काढले. तिचा तो निमूटपणा मला लागला. कारण शाळेत मलाही हेच सांगितले गेले होते, आणि प्रश्न विचारल्यावर वर्गात पिकलेला हशा मी अजून विसरलेलो नाही. त्या दिवसापासून मी इंग्रजीच्या तासाला हात वर करणे सोडले होते. आता तेच मी माझ्या बहिणीला शिकवत होतो.

सुटी संपवून परत आलो आणि आपल्या ग्रंथालयातील संदर्भविभागात गेलो. तिथे एक जाडजूड, कडा झिजलेला कोश आहे. तो मी यापूर्वीही अनेकदा चाळला होता. पण अवघड शब्दांसाठी. ‘बॉरो’सारखा शब्द कोशात पाहायचा असतो हे कधी डोक्यातच आले नव्हते. या वेळी पाहिला. तिथे अर्थ तर होताच. शिवाय हा शब्द कोणाकडून घेताना वापरायचा, त्याच्यापुढे कोणते शब्दयोगी येते, हे छोट्या उदाहरणांतून दाखवले होते. ‘लेन्ड’ पाहिला. तिथे वस्तू उलट दिशेने जात होती. मराठीत आपला ‘उसना’ शब्द एकच. दिशा सांगायचे काम घेणे आणि देणे ही क्रियापदे करतात. इंग्रजीत दिशा शब्दाच्या पोटातच आहे. दोन मिनिटांत उलगडा झाला. मग हा कोश मुळात कोणी रचला ते पाहिले. नाव होते ए. एस. हॉर्नबी.

हॉर्नबी म्हटल्यावर मला प्रथम आठवला मुंबईचा जुना हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग. पण तो हॉर्नबी अठराव्या शतकातला मुंबईचा गव्हर्नर. आपला हॉर्नबी हा साधा मास्तर होता. त्याच्या नावाचा रस्ता आपल्याकडे नाही. पण त्याने केलेली वाट मात्र आपल्यापैकी पुष्कळांच्या टेबलावरून जाते.

आल्बर्ट सिडनी हॉर्नबी यांचा जन्म १० ऑगस्ट १८९८ रोजी इंग्लंडमधील चेस्टर या गावी झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांनी इंग्रजीचे शिक्षण घेतले. नावाच्या आद्याक्षरांवरून स्नेही मंडळी त्यांना ‘ॲश’ म्हणत. १९२४ साली ते जपानला गेले. क्यूशू बेटावरील ओइता येथे त्यांना इंग्रजी साहित्य शिकवायचे होते. पण वर्गात उभे राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आले की या मुलांना साहित्याआधी भाषा हवी आहे. मुलांना शब्द पाठ होते, व्याकरणाचे नियमही पाठ होते. साधे वाक्य मात्र धड जुळत नव्हते. वाचकहो, हे वर्णन ओळखीचे वाटते ना?

अशा वेळी कोणी विद्यार्थ्यांना नावे ठेवतो, तर कोणी आपले नशीब खराब म्हणतो. हॉर्नबींनी चूक पुस्तकांत शोधली. त्याच सुमारास टोकियोत हॅरल्ड पामर हे भाषातज्ज्ञ काम करीत होते. १९२२ मध्ये जपानी शिक्षणखात्याचे सल्लागार म्हणून ते आले होते आणि पुढच्याच वर्षी इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी त्यांनी एक संस्था उभारली होती. हॉर्नबी या कामाकडे ओढले गेले. १९३१ च्या सुमारास ते पामरांच्या शब्दसंशोधनात सामील झाले आणि पुढे टोकियोलाच राहायला आले. कोणते शब्द आधी शिकवावेत, कोणते शब्द कोणत्या शब्दांबरोबर नेहमी येतात, याच्या याद्या या मंडळींनी चिकाटीने केल्या. १९३७ साली पामर आणि हॉर्नबी यांनी मिळून हजार शब्दांच्या इंग्रजीवर एक पुस्तकही काढले.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. हे काम एकट्या जपानात चालले नव्हते. आपल्या शेजारी, त्या काळच्या अखंड बंगालमधील ढाक्यात, मायकेल वेस्ट हे शिक्षणाधिकारी मुलांसाठी सोपी वाचनमाला तयार करीत होते. १९३५ साली त्यांनी एन्डिकॉट यांच्यासह एक लहान कोश काढला. त्यातले सगळे अर्थ अवघ्या १४९० सोप्या शब्दांत दिले होते. १७५५ साली डॉक्टर जॉन्सनने आपल्या थोर कोशात ‘नेटवर्क’, म्हणजे जाळीकाम, या शब्दाचा अर्थ त्याहून कितीतरी कठीण शब्दांत सांगितला, म्हणून लोक आजही हसतात. पण जॉन्सन विद्वानांसाठी लिहीत होता. परभाषेतले मूल कोश उघडते तेव्हा त्याला काय लागते, हा प्रश्न शिक्षकांनाच पडू शकत होता.

पामर १९३६ मध्ये जपान सोडून गेले आणि संस्थेच्या कामाची धुरा हॉर्नबींवर आली. १९३७ मध्ये त्यांनी गेटन्बी आणि वेकफील्ड या जपानमध्येच शिकवणाऱ्या दोन सहकाऱ्यांना घेऊन कोश रचायला सुरुवात केली. या कोशात त्यांनी शब्दाच्या जन्मकथेला फारशी जागा ठेवली नाही. कालबाह्य शब्दही बाजूला ठेवले. वाचलेली जागा रोजच्या शब्दांना दिली. ज्या वस्तू शब्दांनी सांगता येत नाहीत त्यांची रेखाचित्रे दिली. जी नामे मोजता येतात आणि जी येत नाहीत, त्यांना वेगवेगळ्या खुणा दिल्या. ‘ॲडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘इन्फर्मेशन’ यांना एस लावून आपण जे गुण घालवतो, ते या एका खुणेने वाचतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्रियापदांचे २५ साचे. आय वॉन्ट टु गो हे बरोबर, म्हणून मूल तर्काने आय सजेस्ट टु गो असे म्हणते. मुलाचा तर्क चुकत नाही. भाषेची सवय वेगळी असते. कोणते क्रियापद कोणत्या साच्यात बसते हे हॉर्नबींनी प्रत्येक क्रियापदापुढे आकडा घालून सांगितले. शब्दाचा अर्थ कळला म्हणजे तो वापरता येतो, ही समजूत त्यांनी अशी खोडून काढली. माणूस जसा संगतीवरून ओळखावा, तसा शब्दही.

१९४० मध्ये कोशाचे काम पुरे होत आले आणि वरचे आभाळ फाटले. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला. एका रात्रीत हॉर्नबी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि स्थानबद्ध झाले. तरीही १९४२ साली, जपान आणि ब्रिटन एकमेकांशी लढत असताना, टोकियोच्या काइताकुशा या प्रकाशनसंस्थेने तो इंग्रजी कोश छापून प्रसिद्ध केला! ज्या शहरात इंग्रज शत्रू होता, त्या शहरात इंग्रजीचा कोश निघाला. मला या चरित्रातली ही घटना सर्वांत मोठी वाटते.

त्याच वर्षी हॉर्नबींना मायदेशी जाऊ देण्यात आले. पुढे ब्रिटिश कौन्सिलतर्फे ते इराणला गेले आणि तेहरानमध्ये शिकवू लागले. १९४६ मध्ये इंग्रजीच्या अध्यापनाला वाहिलेले नियतकालिक सुरू झाले, त्याचे ते पहिले संपादक. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने जपानी आवृत्तीच्या पानांची छायाचित्रे घेऊन तोच कोश पुन्हा काढला. ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ हे नाव त्याला १९५२ मध्ये मिळाले. १९६३ आणि १९७४ मध्ये सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या.

कोशात दोष नव्हते असे नाही. साच्यांचे ते आकडे समजायलाच एक शिकवणी लागे. बहुतेक विद्यार्थी ते ओलांडून पुढे जात. नंतरच्या आवृत्त्यांत ती पद्धत सोपी करावी लागली. पण या कोशाने पाडलेल्या वाटेनेच पुढचे विद्यार्थिकोश गेले.

पुस्तकांतून हॉर्नबींना पैसा मिळाला. १९६१ साली त्यांनी आपल्या नावाचा शैक्षणिक न्यास काढून उत्पन्नाचा मोठा भाग त्याच्या स्वाधीन केला. देशोदेशीच्या इंग्रजी शिक्षकांना पुढील शिक्षणासाठी त्यातून शिष्यवृत्त्या मिळतात. विद्यार्थ्यांनी दिलेला पैसा शिक्षकांमार्फत विद्यार्थ्यांकडे परत गेला. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते वारले.

मोठे शब्द वापरून छाप पाडणे सोपे आहे. आपल्या स्नेहसंमेलनातील भाषणे ऐकली की ते पटते. छोटा शब्द छोट्या माणसाला समजावून सांगायला मात्र आधी आपले अज्ञान कबूल करावे लागते. हॉर्नबींनी ते ओइताच्या वर्गात कबूल केले. मला त्यासाठी सातवीतली बहीण लागली.

पुढच्या खेपेस गावी गेलो तेव्हा मी तिच्या दप्तरातली एक पेन्सिल मागून घेतली आणि म्हणालो, ही मी तुझ्याकडून घेतली, म्हणजे मी बॉरो केली. तू मला दिलीस, म्हणजे तू लेन्ड केलीस. ती हसली. मग जुनी वही काढून, दहा वेळा लिहिलेल्या त्या ओळींखाली तिने दोन बाण काढले, एक येणारा आणि एक जाणारा. आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला. त्याचे उत्तर मला आले नाही. पण या वेळी मी तिला पाठ कर म्हणालो नाही. आपण पाहू, म्हणालो.