पोरांवर डाव लावून मँचेस्टर युनायटेड उभी करणारे मॅट बस्बी

गोष्ट आहे १९४५ सालची. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान १९४१ च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं होतं. सामने खेळायचे तर शेजारच्या मँचेस्टर सिटीच्या मैदानावर, आणि क्लबच्या डोक्यावर कर्ज. अशा वेळी क्लबनं मॅनेजर म्हणून आणले ३६ वर्षांचे मॅट बस्बी. क्लब चालवण्याचा त्यांना काहीच अनुभव नव्हता.

बस्बींचा जन्म १९०९ चा, स्कॉटलंडमधल्या कोळसा खाणीच्या वस्तीतला. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. पोरगा खाणीत कामाला लागला, पण फुटबॉलनं त्याला बाहेर काढलं. पुढे ते सिटी आणि लिव्हरपूल, म्हणजे युनायटेडच्या दोन्ही कट्टर प्रतिस्पर्ध्यांकडून खेळले.

त्या काळी संघ निवडताना क्लबचे डायरेक्टर लुडबूड करायचे. बस्बींनी आधीच अट घातली की, संघ मीच निवडणार. मॅनेजर ऑफिसात बसायचे ते दिवस, पण बस्बी बूट घालून खेळाडूंसोबत सरावाला उतरायचे.

आता मुख्य मुद्दा, पोरांना संधी देण्याचा. क्लबमध्ये मुलं घडवण्याचं काम युद्धाआधीच सुरू झालं होतं. बस्बी आणि त्यांचे सहकारी जिमी मर्फी यांनी त्याची पक्की घडी बसवली. शाळकरी वयातच मुलं हेरायची आणि ज्युनियर संघापासून मोठ्या संघापर्यंत खेळण्याची पद्धत एकच ठेवायची. चेंडू जमिनीवरून पास करायचा, सतत पुढे चढाई करायची आणि खेळाडूला डोकं चालवायची मोकळीक द्यायची. त्यामुळे खालचा पोरगा वर आला तरी बावचळायचा नाही.

डंकन एडवर्ड्स १६ व्या वर्षी मुख्य संघात आला, बॉबी चार्लटन १८ व्या वर्षी. तरुणांची एफए यूथ कप स्पर्धा सुरू झाल्यावर पहिली पाचही वर्षं युनायटेडच जिंकली. म्हणजे बस्बींनी बाहेरून खेळाडू घेतलेच नाहीत असं नाही. गोल करायला टॉमी टेलरला त्यांनी चांगली किंमत मोजून आणलं. पण संघाचा कणा घरचाच होता. १९५६ मध्ये लीग जिंकली तेव्हा संघाचं सरासरी वय होतं सुमारे २२. लोक त्यांना 'बस्बी बेब्स' म्हणू लागले.

इंग्लिश लीगचा विरोध असतानाही बस्बींनी संघाला युरोपियन कपमध्ये उतरवलं. पुढे हाच निर्णय त्यांना आयुष्यभर बोचला. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी बेलग्रेडहून परतताना म्युनिकला विमान इंधन भरायला थांबलं. धावपट्टीवर बर्फाचा चिखल साचला होता. उड्डाणाच्या तिसऱ्या प्रयत्नात विमान कोसळलं. २३ जण गेले, त्यात ८ खेळाडू होते. एडवर्ड्स १५ दिवस झुंजला आणि २१ व्या वर्षी गेला. बस्बी स्वतः मरणाच्या दारातून परत आले. पोरांना युरोपात आपणच नेलं, ही अपराधी भावना त्यांना सोडत नव्हती. फुटबॉल सोडून द्यावं असंही त्यांना वाटलं.

पण ते परतले आणि संघ नव्यानं बांधला. या वेळी डेनिस लॉसारखे महागडे खेळाडू विकत घेतले, पण पोरांवरचा विश्वास ढळू दिला नाही. बेलफास्टमध्ये हेरलेल्या जॉर्ज बेस्टला त्यांनी १७ व्या वर्षी खेळवलं.

म्युनिकनंतर दहा वर्षांनी, २९ मे १९६८ ला, युनायटेडनं बेनफिकाला ४-१ नं हरवून युरोपियन कप जिंकला. हा कप जिंकणारा तो पहिला इंग्लिश क्लब. गोल करणाऱ्यांमध्ये ब्रायन किडचा त्या दिवशी १९ वा वाढदिवस होता. म्युनिकमधून वाचलेले चार्लटन आणि बिल फोक्स दोघंही मैदानात होते.

१९६७ नंतर युनायटेडला लीग जिंकायला २६ वर्षं लागली. १९९३ च्या त्या विजेत्या संघात रायन गिग्ज हा क्लबच्याच तालमीतला १९ वर्षांचा पोरगा होता. तो विजय बस्बींनी ओल्ड ट्रॅफर्डवर बसून पाहिला. काही महिन्यांनी, २० जानेवारी १९९४ ला, ते गेले.