थॉमस हक्सले : कोंबडीच्या पायात डायनासोर पाहणारे शिक्षक

उत्क्रांतीचे पुरावे शिकवताना ‘जोडणारे दुवे’ आले, की एखादं पोरगं हमखास विचारतं, कोंबडी डायनासोरची नातेवाईक कशी? आपल्या बिद्रीसारख्या गावात हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही, कोंबड्या दारातच फिरत असतात. म्हणून आज ज्यांनी हे नातं हाडं समोर ठेवून ठासून मांडलं, त्यांची ओळख करून घेऊ.

थॉमस हेन्री हक्सले यांचा जन्म ४ मे १८२५ रोजी लंडनजवळच्या ईलिंगमध्ये झाला. वडील गणिताचे मास्तर, पण घरची ओढाताण. थॉमसना शाळा मिळाली जेमतेम दोन वर्षं. बाकी सगळं स्वतः वाचून. जर्मन भाषासुद्धा तशीच शिकले. शिष्यवृत्तीवर वैद्यकी शिकले आणि १८४६ मध्ये ‘रॅटलस्नेक’ या आरमारी जहाजावर सहायक सर्जन म्हणून ऑस्ट्रेलियाकडे निघाले. चार वर्षं जेलीफिशसारखे जीव चिरून बघायचे, टिपणं लंडनला धाडायची. १८५१ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

१८६० चा ऑक्सफर्डचा वाद तुम्ही ऐकलाच असेल, तो इथे सांगत बसत नाही. त्याच वर्षी त्यांचा चार वर्षांचाही न झालेला मुलगा नोएल स्कार्लेट फीवरने गेला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

१८६१ मध्ये जर्मनीतल्या सोल्नहोफेनच्या चुनखडीत आर्किऑप्टेरिक्स सापडला. पिसं पक्ष्याची, पण शेपटी लांब, हाडांची, आणि पंखांना नखं. सगळ्यांचे डोळे पिसांवर. हक्सले मात्र कंबर आणि पाय बघत होते. १८६७ मध्ये ऑक्सफर्डच्या संग्रहालयात मेगॅलोसॉरस या डायनासोरची हाडं बघताना, खांद्याचं समजलेलं एक हाड कमरेचं निघालं आणि त्याची ठेवण पक्ष्यासारखी दिसली. कोंबडीएवढ्या कॉम्प्सोग्नॅथस या डायनासोरचे मागचे पाय तर त्यांना पक्ष्याच्या फारच जवळचे वाटले. १८६८ आणि १८७० मध्ये त्यांनी हे लिहून मांडलं. अर्धवट उबलेल्या पिल्लाचं मागचं अंग मोठं होऊन दगडात सापडलं असतं, तर ते पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्या मधलंच ठरलं असतं, असा त्यांचा युक्तिवाद. मला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण पुरावा अंड्यातच आहे!

तुम्हीही बघा. रविवारी रश्श्यासाठी कोंबडी आली, तर पाय टाकू नका, स्वच्छ धुऊन पोरांना दाखवा. नडगीवर खवले आहेत. आणि मागे वाकणारा तो ‘उलटा गुडघा’ गुडघा नाहीच, तो घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांत झाकलेला. पुढे तीन बोटं. मांसाहारी डायनासोरच्या पावलांचे ठसे असेच तीन बोटांचे.

हक्सले यांनी मास्तरांसाठीही काम केलं. १८७० मध्ये ते लंडनच्या शाळा मंडळावर निवडून आले. १८७१ च्या उन्हाळ्यात त्यांनी शिक्षकांचा वर्ग घेतला, त्यात व्याख्यानाबरोबर प्रत्येकाने स्वतः प्राणी चिरून, सूक्ष्मदर्शकातून बघायचं. तेव्हा ही नवलाईच होती. कामगारांसाठी तर ते १८५५ पासून बोलत होते.

२९ जून १८९५ रोजी ते ईस्टबोर्नला वारले. पुढे त्यांचं मत मागे पडलं. १९२६ मध्ये गेरहार्ड हाइलमान यांनी मोठी शंका काढली : पक्ष्याला गळपट्टीची हाडं असतात, डायनासोरला नाहीत, मग वंशज कसे? प्रश्न रास्त होता. पण ती हाडं नंतर डायनासोरमध्येही सापडली. जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९६९ मध्ये डायनोनिकसचं वर्णन केलं आणि पुढे हक्सले यांची बाजू पुन्हा उभी केली. १९९६ मध्ये चीनमधून सायनोसॉरोप्टेरिक्स जाहीर झाला, अंगावर पिसांसारखे तंतू असलेला.

आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं सापडली आहेत. बिद्रीचा काळा कातळ लाव्ह्याचा, त्यात ती शोधू नका. कोंबडीचा पाय पुरेसा आहे.