धातुमूर्तींचे वाचक : डॉ. उमाकांत प्रेमानंद शाह

आपल्या कृष्णा-वारणेच्या परिसरातील बहुतेक बस्तींत मूलनायकाच्या पाषाणमूर्तीपुढे लहान-मोठ्या धातुमूर्ती मांडलेल्या असतात. पार्श्वनाथ, चोवीसी, नंदीश्वर, पद्मावती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभिषेकाने त्यांचे नाक-डोळे झिजलेले असतात. पुष्कळ मूर्तींच्या पाठीमागे एक-दोन ओळींचा लेखही कोरलेला असतो : संवत, आचार्यांचे नाव, दात्याचे कुल. तो वाचण्याचे कष्ट आपण क्वचितच घेतो. उलट चिंच आणि राख लावून मूर्ती उजळविताना त्यातील एखादे अक्षर आपल्याच हातून पुसले जाते. अशाच अक्षरांच्या आणि झिजलेल्या मूर्तींच्या आधारे जैन समाजाच्या इतिहासाची हरवलेली पाने ज्यांनी पुन्हा जुळवली, त्या डॉ. उमाकांत प्रेमानंद शाह यांचा परिचय सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात करून देणे उचित वाटते.

शाह यांचा जन्म १९१५ सालचा. त्यांची कर्मभूमी बडोदे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीराव महाराजांनी तेथे वस्तुसंग्रहालय उभारले, संस्कृत ग्रंथमाला सुरू केली आणि प्राच्यविद्या मंदिराची स्थापना केली. या विद्यासंपन्न वातावरणात शाह यांचे कार्य बहरले. प्राच्यविद्या मंदिरात त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. वाल्मीकि-रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीतील उत्तरकांडाचे, १९७५ साली प्रसिद्ध झालेले, संपादनही त्यांचेच. मात्र त्यांचा खरा व्यासंग जैन मूर्तिशास्त्राचा. वयाच्या पंचविशीत, १९४० साली, त्यांनी नेमिनाथांची यक्षी अंबिका हिच्या मूर्तींवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी जैन सरस्वतीवर आणि १९४७ साली सोळा महाविद्यांवर त्यांचे निबंध आले. आगमग्रंथ, चूर्णी आणि प्रतिष्ठाग्रंथांतील वर्णने एका हाती व प्रत्यक्ष मूर्ती दुसऱ्या हाती, अशी त्यांची पद्धत होती.

१९५१ साली बडोद्याजवळील अकोटा येथे जैन धातुमूर्तींचा मोठा साठा सापडला. (विदर्भातील अकोट ते हे नव्हे, या अकोट्याचे प्राचीन नाव अंकोट्टक.) त्यात एकूण अडुसष्ट वस्तू होत्या आणि त्यांचा काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकापासून पुढे अनेक शतकांचा होता. शाह यांच्या आयुष्यातील हे सर्वांत मोठे काम ठरले. प्रत्येक मूर्तीची घडण, वस्त्राची चुणी, आसनाचा आकार आणि लेखातील अक्षरवळण तपासून त्यांनी त्यांचा कालक्रम लावला. त्या वेळी बडोदे मुंबई राज्यात असल्याने १९५९ साली हा ग्रंथ मुंबई सरकारनेच प्रसिद्ध केला.

या साठ्यातील दोन मूर्तींवर निवृत्तिकुलातील जिनभद्र वाचनाचार्यांचे नाव आहे. विशेषावश्यक भाष्याचे कर्ते जिनभद्रगणी क्षमाश्रमण ते हेच, असे शाह यांनी साधार मांडले. ज्या आचार्यांना आपण केवळ ग्रंथावरून ओळखत होतो, त्यांच्या नावाच्या मूर्ती हाती आल्या. दुसऱ्या एका मूर्तीवर नागीश्वरी या श्राविकेचे नाव आणि जीवंतस्वामी हा शब्द आढळला. दीक्षा घेण्यापूर्वी राजवाड्यात ध्यानस्थ असताना महावीरांची चंदनाची प्रतिमा घडविली गेली, अशी कथा श्वेतांबर ग्रंथांत आहे. मुकुट व अलंकार घातलेली ती प्रतिमा प्रत्यक्ष कशी दिसत असावी, हे या मूर्तीमुळे प्रथमच उमगले.

अधिक नाजूक प्रश्न होता तो वस्त्राचा. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील अकोट्याच्या ऋषभनाथांच्या मूर्तीवर धोतर स्पष्ट दिसते. सवस्त्र तीर्थंकरमूर्तीचा हा सर्वांत जुना ज्ञात पुरावा, असे शाह यांनी दाखविले. त्याच वेळी मथुरेच्या कुषाणकालीन मूर्तींकडे बोट दाखवून, तेव्हा सर्वच तीर्थंकरमूर्ती दिगंबर असत आणि मूर्तींत संप्रदायभेद नव्हता, हेही त्यांनी तितक्याच नि:संकोचपणे मांडले. या विधानातील एक अर्ध एका पक्षाला व दुसरे दुसऱ्या पक्षाला सोयीचे. शाह यांनी दोन्ही अर्धे एकत्र ठेवली. मंदिरांच्या मालकीवरून न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या आपल्या समाजाने त्यांची ही नि:पक्ष वृत्ती आवर्जून ध्यानात घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालय) दोन मूर्तींवरील त्यांचे लेख आपल्याला विशेष जवळचे वाटावेत. पहिली कायोत्सर्गातील पार्श्वनाथांची. उजवा हात तुटलेला, नागफणांचा काही भाग नाहीसा झालेला, आणि मूळ ठिकाण अज्ञात. नागपंचमीमुळे सर्वदूर ठाऊक असलेल्या शिराळ्याच्या रहिवाशाची नजर त्या फणांवर सर्वांआधी जाईल! शाह यांनी हातापायांची सडसडीत ठेवण पाहून तिचे नाते मोहेंजोदडोच्या नर्तकीशी जोडले आणि तिचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे पहिले शतक ठरविला. पुढे काही विद्वानांनी ती बरीच अलीकडची मानली. वाद संपलेला नाही. तथापि जैन धातुमूर्तींच्या आरंभाची चर्चा या मूर्तीला वगळून करता येत नाही.

दुसरी मूर्ती श्रवणबेळगोळहून आलेली बाहुबलींची, सुमारे नवव्या शतकातील. कुंभोजच्या १९६३ साली प्रतिष्ठापित झालेल्या अठ्ठावीस फुटी बाहुबलींचे दर्शन आपणांपैकी सर्वांनी घेतले असेल. मुंबईतील ही मूर्ती जेमतेम वीतभर-दोन वीत उंचीची. केस मागे वळविलेले, बटा खांद्यांवर उतरलेल्या, वेली हातापायांवर चढलेल्या. श्रवणबेळगोळचे गोम्मटेश्वर इसवी सन ९८१च्या सुमाराचे. म्हणजे पहाड कोरला जाण्यापूर्वीच कोणा अज्ञात ओतकाऱ्याने तोच वैराग्यभाव मेणात आणि नंतर धातूत साकारला होता. या ओतकामाची कृती बाराव्या शतकात, आपल्या या प्रदेशावरही सत्ता असलेल्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास ग्रंथात आली आहे. मूर्ती आधी मेणात घडवावी, तिच्यावर मातीचे थर द्यावेत, तापवून मेण काढून टाकावे आणि रिकाम्या पोकळीत वितळलेला धातू ओतावा. साचा फोडल्याविना मूर्ती निघत नाही. म्हणून अशी प्रत्येक मूर्ती एकमेव असते. जीर्ण म्हणून ती भट्टीत गेली, की तिच्याबरोबर तिचा लेखही कायमचा जातो.

राजस्थानातील वसंतगढच्या साठ्यावरही शाह यांनी लिहिले. तेथील एका ऋषभनाथमूर्तीवर विक्रम संवत ७४४, म्हणजे इसवी सन ६८७, हे वर्ष असून शिवनाग या शिल्पीचे नाव आहे. घडविणाऱ्याचे नाव मूर्तीवर येणे किती दुर्मीळ, हे जाणकारांना सांगावयास नको.

१९५५ साली जैन कलेवरील त्यांचे अभ्यासपूर्ण पुस्तक निघाले. त्यात स्तूप, चैत्यवृक्ष, समवसरण, अष्टमंगले यांचा विचार आहे. मुंबईच्या संग्रहालयाचे संचालक डॉ. मोतीचंद्र यांच्यासह सिद्ध केलेला जैन चित्रकलेवरील ग्रंथ १९७५ साली आला. आयुष्यभराच्या टिपणांतून उभा राहिलेला ‘जैन रूप मंडन’ हा बृहद्ग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध झाला. तीर्थंकर, यक्ष-यक्षी व विद्यादेवी यांच्या मूर्ती ओळखू पाहणारा अभ्यासक आजही प्रथम तोच उघडतो. ग्रंथ हाती आल्यावर पुढच्याच वर्षी, १९८८ साली, डॉ. शाह यांचे निधन झाले. अकोट्याच्या मूर्तींपैकी बऱ्याच बडोद्याच्या संग्रहालयात आहेत.