टोल हाऊसच्या रूथबाई

गेल्या वर्षी मंडळाच्या आनंदमेळ्यात आमच्या कन्येने दोन मैत्रिणींना हाताशी धरून चॉकलेट चिप कुकीजचा ठेला लावला होता. एका बाजूला साबुदाणा वडा, दुसऱ्या बाजूला थालीपीठ आणि मध्ये ही मंडळी. गणपतीच्या मांडवात हे काय नवीन, असा प्रश्न एकदोन ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर आम्ही वाचला. पण तासाभरात डबे रिकामे झाले आणि प्रश्न विचारणाऱ्यांच्या हातातही कुकी दिसली. ठेल्यावर मुलींनी हौसेने एक पाटी रंगवली होती. ही कुकी एका अमेरिकन बाईंच्या हातून चुकून झाली, चॉकलेट पिठात विरघळेल असे त्यांना वाटले होते, ते विरघळलेच नाही आणि नवा पदार्थ जन्माला आला, अशी गोष्ट त्यावर होती.

ती पाटी आम्हाला खटकली. त्याआधीचे तीन रविवार आमच्या स्वयंपाकघरात काय चालले होते, ते आम्ही पाहिले होते. पहिला घाणा ट्रेभर पसरून एकच मोठी पोळी झाली. दुसरा कडेने करपला आणि मध्ये कच्चा राहिला. तिसऱ्या रविवारी कुठे कुकीला कुकीचा आकार आला. समोर कृती असताना ज्याला तीन रविवार लागतात, ते चुकून कसे होईल? आम्ही पेशाने उपयंत्री, शिक्षण पदविकेपर्यंतचे, आणि नोकरीचा निम्मा काळ मोजमाप पुस्तिका भरण्यात गेलेला. नोंद पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही ही खोड तिथूनच लागली. म्हणून या बाईंविषयी मिळेल ते वाचून काढले. ते आपल्या वाचकांपुढे ठेवत आहोत.

त्यांचे नाव रूथ ग्रेव्हज वेकफील्ड. जन्म १७ जून १९०३, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. फ्रेमिंगहॅम येथील शिक्षक प्रशिक्षण संस्थेच्या गृहकला विभागातून त्या १९२४ साली उत्तीर्ण झाल्या. गृहकला म्हणजे निव्वळ रांधणे-वाढणे नव्हे. अन्नातले घटक, उष्णतेने त्यांच्यात होणारे बदल, मापे, खर्चाचा हिशेब, स्वच्छता असे सगळे त्यात येई. आपल्याकडे पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानाची विद्याशाखा नावारूपाला आली, त्याच जातीचे हे शिक्षण. रूथबाईंनी नंतर शाळेत गृहविज्ञान शिकवले, आहारतज्ज्ञ म्हणून काम केले, अन्नावर व्याख्याने दिली. केनेथ वेकफील्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९३० साली या दांपत्याने जवळची पुंजी घालून व्हिटमन नावाच्या गावी एक जुने घर घेतले. बॉस्टन आणि न्यू बेडफर्ड या दोन शहरांच्या साधारण मध्यावर, रस्त्यालगत. आदल्याच वर्षी तिथला शेअर बाजार कोसळला होता, मंदीची सुरुवात होती. अशा वेळी खाणावळ काढणे म्हणजे धाडसच. सुरुवातीला जेमतेम सात टेबले होती. नाव ठेवले टोल हाऊस इन, म्हणजे टोलनाक्याचे घर. पाटीवर साल टाकले १७०९.

इथे रस्ते खात्यातल्या माणसाचे कान टवकारतात. आम्ही खोलात गेलो तेव्हा कळले की ते घर १८१७ सालचे होते आणि तिथे टोलनाका कधीच नव्हता! नाव आणि साल दोन्ही गिऱ्हाइकाला भुरळ घालण्यासाठी. प्रवासी थांबायचे, घोडे बदलायचे, टोल भरायचा आणि गरम जेवण मिळायचे, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहावे एवढाच हेतू. ही लबाडी म्हणा किंवा धंद्याची युक्ती म्हणा, ती वेकफील्ड दांपत्याचीच. घराला खोटी गोष्ट चिकटवणाऱ्या बाईंना पुढे स्वतःलाच एक खोटी गोष्ट जन्मभर चिकटली, हा योगायोग मात्र आम्हाला मजेशीर वाटला.

पाटी काहीही असो, जेवण खरे होते. सात टेबलांची साठाच्या वर झाली. समुद्र जवळ असल्याने लॉबस्टरचे जेवण प्रसिद्ध होतेच, पण लोक लांबून यायचे ते शेवटच्या गोडासाठी. मक्याचे पीठ आणि काकवी घालून केलेले इंडियन पुडिंग हा त्यातला नावाजलेला प्रकार. यातले इंडियन म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेचे मूळ रहिवासी. मका त्यांचा, म्हणून नाव त्यांचे.

आता पुस्तकाकडे येऊ, कारण आमच्या मते रूथबाईंचे खरे घर तेच. टोल हाऊसच्या कसाला उतरलेल्या पाककृतींचे पुस्तक त्यांनी काढले आणि त्याच्या ३९ वेळा छपाया झाल्या. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना पाककृतीच्या पुस्तकाचे मोल वेगळे सांगायला नको. इंदूरच्या आमच्या घरात आईची कमलाबाई ओगल्यांची रुचिरा अजून आहे. पाठपुठ्ठा सुटलेला, चकलीच्या पानावर तेलाचा डाग, कडेला पेन्सिलीने वाढवलेली मापे. अंदाजाने, चवीपुरते, बेताने या शब्दांवर आजीचे भागत होते, कारण शेजारी विचारायला दहा बायका होत्या. परगावी एकट्या संसारात पडलेल्या मुलीला वाटी आणि चमचाच उपयोगी पडतो. कमलाबाईंनी ते ओळखले. दूर देशी आणि त्यांच्या कितीतरी आधी रूथबाईंनीही तेच ओळखले होते.

चॉकलेटच्या कुकीची कृती प्रथम छापली गेली ती १९३८ सालच्या आवृत्तीत. नाव होते टोल हाऊस चॉकलेट क्रंच कुकी. दोन वड्या चॉकलेटच्या, प्रत्येकी सात औंसांची, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे ४०० ग्रॅम. तुकडे वाटाण्याएवढे. एक कप लोणी, पाऊण कप तपकिरी साखर, पाऊण कप पांढरी साखर, दोन अंडी, सव्वादोन कप मैदा, सुकामेवा, मीठ, व्हॅनिला आणि चमचाभर गरम पाण्यात विरघळवलेला खाण्याचा सोडा. अर्धा अर्धा चमचा पीठ ट्रेवर टाकायचे, ३७५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या १९० अंशांना, दहा ते बारा मिनिटे भाजायचे. कुकीज किती होतील तेही दिले आहे : शंभर. शंभर म्हणजे त्या आजच्यासारख्या तळहाताएवढ्या आणि मऊ नव्हत्या, चिमुकल्या आणि कुरकुरीत होत्या. नावातच कुरकुर आहे.

आता ती चुकीची गोष्ट. तिचे पाठभेद अनेक. एकात स्वयंपाकघरातले साधे चॉकलेट संपले म्हणून बाईंनी वडी फोडून घातली आणि ती पिठात मिसळून जाईल अशी वाट पाहत बसल्या. दुसऱ्यात तर फिरत्या यंत्राच्या धक्क्याने फळीवरची वडीच भांड्यात पडली! गृहकलेची पदवीधर, शाळेत ते शिकवलेली, आठ वर्षे खाणावळ चालवलेली बाई. चॉकलेटचा रंग सगळ्या पिठाला हवा असेल तर ते आधी वितळवून घालावे लागते, हे तिला ठाऊक नसेल? भट्टीत तुकडा मऊ होतो, पण भोवतालचे पीठ तोवर धरते आणि थंड झाल्यावर तुकडा जागच्या जागी पुन्हा घट्ट होतो. हे चमत्काराचे नाही, जाणत्या हाताचे काम आहे.

रूथबाईंनी स्वतः उतारवयात एका मुलाखतीत खरे काय ते सांगितले होते. खाणावळीत आईस्क्रीमबरोबर बटरस्कॉचची पातळ, सुकामेव्याची कुकी देत असत. ती लोकांना आवडे, तरी त्यांना काही वेगळे द्यायचे होते, म्हणून ही बनवली. मदतीला स्यू ब्राइड्स नावाच्या सहकारी बाई होत्या. चॉकलेट बर्फ फोडायच्या टोच्याने फोडले. इतकी साधी हकीकत. पण पुरुषाने प्रयोग केला की शोध आणि बाईने केला की योगायोग, ही सवय फक्त अमेरिकेतच आहे असे नाही. आमच्या आईने उपासाच्या किती पदार्थांत काय काय बदल केले, त्याची नोंद कोणत्या पुस्तिकेत आहे?

कृती बॉस्टनच्या वर्तमानपत्रात आली, मग १९३९ मध्ये बेटी क्रॉकरच्या रेडिओ कार्यक्रमात. बेटी क्रॉकर ही हाडामांसाची बाई नव्हे, एका पिठाच्या कंपनीने जाहिरातीसाठी निर्माण केलेले नाव. म्हणजे खऱ्या बाईची कृती देशभर पोहोचवली ती काल्पनिक बाईने. त्याच वर्षी नेस्ले कंपनीने कृती आणि टोल हाऊस हे नाव वापरण्याचा हक्क घेतला. मोबदला एक डॉलर, आणि तोही मिळाला नाही, असे रूथबाई पुढे सांगत. कंपनीने त्यांना आयुष्यभर चॉकलेट फुकट दिले म्हणतात, सल्लागार म्हणून पैसेही दिले. तेव्हा अगदीच फसवणूक झाली असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या कृतीमुळे आधी रेघा पाडलेली वडी आणि ती तोडायचे छोटे हत्यार बाजारात आले, मग तयार बारीक थेंबच पुडीत मिळू लागले. कृती पुडीच्या पाठीवर छापली गेली. हक्क गेला, पण नाव घरोघर गेले. सौदा बरा की वाईट, यावर आमच्या घरात अजून दोन मते आहेत.

दुसरे महायुद्ध आले आणि मॅसॅच्युसेट्सच्या घरांतून आघाडीवरच्या मुलांना खाऊचे डबे जाऊ लागले. त्यांतल्या कुकीज त्यांनी दुसऱ्या प्रांतांच्या सोबत्यांना वाटल्या आणि त्या सोबत्यांनी आपापल्या घरी पत्रे धाडली. कोरडा, टिकाऊ, न सांडणारा खाऊ. आपल्याकडे परगावी शिकणाऱ्या मुलाला लाडू आणि चिवड्याचा डबा जातो, तसेच.

रूथबाईंनी साठच्या दशकात खाणावळ विकली. १० जानेवारी १९७७ रोजी प्लिमथ येथे त्या वारल्या. १९८४ च्या अखेरच्या रात्री, लोक नव्या वर्षाची वाट पाहत असताना, टोल हाऊस आगीत जळाले. आता तिथे स्थळ सांगणारी पाटी आहे. १९९७ साली मॅसॅच्युसेट्सने ही कुकी राज्याची अधिकृत कुकी ठरवली.

राहिला आमचा पहिला घाणा. तो का पसरला, याचे उत्तर रूथबाईंच्याच पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीत होते. टोल हाऊसमध्ये मळलेले पीठ रात्रभर थंडीत ठेवत. लोणी घट्ट होते, मैदा ओल पिऊन घेतो, मग भट्टीत पीठ लगेच पसरत नाही. आमच्या लहानपणी दिवाळीआधी नानकटाईचे पीठ, तूप, साखर डब्यात भरून भट्टीवर न्यायचो, तेव्हा भट्टीवाला तूप पातळ दिसले की डबा परत करायचा. तो आणि रूथबाई एकाच शाळेतले. अंड्याच्या जागी दही घालायची करामत मात्र आमच्या सौभाग्यवतींची. तिची नोंद आम्ही या निमित्ताने इथे करून ठेवतो.

यंदा मुलींनी जुनी पाटी काढून टाकली आहे. नवीन पाटीवर रूथ वेकफील्ड हे नाव आणि १९३८ हे साल आहे, खाली स्यू ब्राइड्स यांचेही. आनंदमेळ्याच्या आदल्या रात्री पीठ फ्रीजमध्ये जाणार, तेव्हा त्या रात्री आमच्याकडे दुधाच्या पातेल्याला जागा असणार नाही. शेजारच्यांना तशी सूचना देऊन ठेवली आहे.